बागेतली लांब केबल आणि एडीसीचं इनपुट: जादा करंटला सांडवा कसा काढून द्यावा

वळवाचा पहिला मोठा पाऊस विजांसह पडला की पुढच्या आठवड्यात सांगलीतल्या माझ्या टेबलावर तासगाव, कवठेमहांकाळ भागातून ठिबकचे कंट्रोलर यायला लागतात. तक्रार जवळजवळ एकच असते. मोटर सुरू होते, मोबाईलवर मेसेज येतो, व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, पण प्रेशरचं रीडिंग एकाच आकड्यावर चिकटून बसलंय. बॉक्स उघडावा तर कुठे जळाल्याचा डाग नाही, वास नाही. एडीसीच्या (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यांत बदलणाऱ्या चिपच्या) चार चॅनेलपैकी एक मेलेलं असतं, बाकी तीन धडधाकट.

पाऊस पडला म्हणून सगळा दोष विजेला दिला जातो. पण मी विचारपूस केली तेव्हा बऱ्याच वेळा वेगळंच निघालं. बांधावरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं, कोणीतरी वायरी सोडवून परत जोडल्या आणि व्हॉल्व्हची २४ व्होल्ट एसी सेन्सरच्या वायरीला लागली. वीज क्षणभर येते, चुकीचं जोडलेलं कनेक्शन मात्र रात्रभर तसंच राहतं. दोन्हींपासून इनपुट वाचवायचं असेल तर दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. बहुतेक सर्किटांमध्ये नेमकं हेच राहून जातं.

आधी मूळ कल्पना. शेततळ्याचा बांध कितीही उंच केला तरी सांडवा नसेल तर एका पावसात फुटतो. इनपुटचंही तसंच आहे. बाहेरून आलेलं व्होल्टेज पूर्ण अडवता येत नाही. त्यातून येणारा करंट आधी रेझिस्टरने कमी करायचा आणि उरलेल्याला सुरक्षित वाट काढून द्यायची. ती वाट कुठे जाऊन संपते हेही पाहायचं, कारण सांडव्याचं पाणी आपल्याच पिकात सोडलं तर बांध वाचून उपयोग काय? नुसता झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा वाहणारा डायोड) लावून निश्चिंत होणाऱ्यांचं नुकसान याच दोन ठिकाणी होतं: करंट कमी केलेला नसतो, नाहीतर तो चुकीच्या जागी सोडलेला असतो.

काय काय येऊ शकतं, ते कागदावर लिहा

सर्किट काढण्याआधी त्या केबलच्या शेजारून काय काय जातं ते लिहून काढा. माझ्या बागेच्या कंट्रोलरची यादी अशी आहे. सेन्सरचं स्वतःचं आउटपुट ०.५ ते ४.५ व्होल्ट. बॅटरी १२ व्होल्टची, चार्ज होताना १४.४ पर्यंत जाणारी. ३६ सेलचं सोलर पॅनेल, लोड नसताना २१-२२ व्होल्ट. ठिबकच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची २४ व्होल्ट एसी. हा शेवटचा आकडा फसवा आहे. २४ व्होल्ट एसीचं शिखर ३४ व्होल्ट असतं. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर २८ व्होल्टसुद्धा देतो, म्हणजे शिखर ४० च्या घरात आणि तेही दोन्ही दिशांना, अधिक आणि उणे. म्हणून माझी अट ठरली: अधिक-उणे ४० व्होल्ट कितीही वेळ लागून राहिले तरी इनपुट मरता कामा नये.

स्टार्टरमधली २३० किंवा ४१५ व्होल्ट या यादीत मी मुद्दाम घेत नाही. २३० चं शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये ५ वॉटहून जास्त उष्णता होते. तो जळणारच. शिवाय तिथे प्रश्न चिपचा उरत नाही, माणसाच्या जिवाचा होतो. सेन्सरची केबल आणि मोटरची केबल एका पाइपातून न्यायचीच नाही. मोटरचा करंट मोजायचा असेल तर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) वापरा, व्होल्टेज मोजायचं असेल तर छोटा ट्रान्सफॉर्मर.

डेटाशीटमधले दोन वेगळे आकडे

डेटाशीटमध्ये एडीसीच्या इनपुटसाठी एक मोजण्याची मर्यादा असते आणि एक जगण्याची. लोक पहिली वाचतात आणि दुसरी विसरतात. एडीएस१११५ ही सोळा बिटांची चिप आपल्याकडे खूप वापरली जाते. तिच्यात ६.१४४ व्होल्टची रेंज निवडता येते. चिपला सप्लाय ३.३ व्होल्टचा असेल आणि ही रेंज पाहून कोणी इनपुटला ५ व्होल्ट दिले, तर चिप धोक्यात जाते. रेंज ही फक्त आकड्यांची मोजपट्टी आहे. पिनवर सप्लायपेक्षा ०.३ व्होल्ट जास्त आणि ग्राउंडपेक्षा ०.३ व्होल्ट कमी, याच्या बाहेर जायचं नाही. गेलंच तर आतल्या संरक्षक डायोडमधून सतत जाणारा करंट १० मिलीअँपच्या आत हवा.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये ही सूट अर्ध्या व्होल्टची आहे. एसटीएम३२एफ१०३ च्या साध्या अॅनालॉग पिनांना ५ मिलीअँपपर्यंत करंट चालतो, पण सगळ्या पिनांचा मिळून २५ च्या पुढे नाही. मी स्वतः कुठल्याही चिपच्या आतल्या डायोडवर १ मिलीअँपहून जास्त भार टाकत नाही. तो डायोड सोल्डरिंग करताना बोटातून येणाऱ्या ठिणगीसाठी ठेवलेला आहे, रोजच्या कामासाठी नाही. शिवाय एका पिनमधून असा करंट आत गेला की शेजारच्या चॅनेलचं रीडिंगही हलतं. जमिनीच्या ओलाव्याचं रीडिंग अचानक बिघडलं आणि दोष प्रेशरच्या वायरीत सापडला, असं मी पाहिलं आहे. करंट फारच जास्त गेला तर चिप आतल्या आत लॅच होते, तापते, आणि सप्लाय काढून पुन्हा दिल्याशिवाय सुटत नाही. सुटलीच तर नशीब.

पहिला रेझिस्टर: खरं काम हाच करतो

हिशोब सोपा आहे: बाहेरचं कमाल व्होल्टेज वजा क्लॅम्पचं (डायोड सिग्नलला ज्या पातळीवर धरून ठेवतात ते) व्होल्टेज, भागिले जितका करंट चालेल तितका. ४० वजा साधारण ३.५, भागिले १० किलोओहम केलं तर ३.६ मिलीअँप येतो. बाहेरचा छोटा डायोड हा करंट आयुष्यभर सोसू शकतो. रेझिस्टरमधली उष्णता २८ व्होल्टच्या हिशोबाने ०.०८ वॉटच्या आत राहते. पाव वॉटचा साधा रेझिस्टर पुरतो. एसएमडी घेणार असाल तर ०६०३ आकार घेऊ नका. त्याची क्षमता ०.१ वॉट आणि व्होल्टेज ७५. उन्हात तापलेल्या बॉक्समध्ये ते काठावर येतं. १२०६ घ्या, २०० व्होल्टपर्यंत चालतो.

सेन्सरचं ४.५ व्होल्ट ३.३ च्या चिपला द्यायचं म्हणजे डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लागणारच. मग हाच १० किलोओहम डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर करा आणि खाली ग्राउंडला १५ किलोओहम लावा. ४.५ व्होल्टचे २.७ होतात. एकाच रेझिस्टरमध्ये दोन कामं झाली. दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या.

डायोड कोणता, आणि झेनर का नको

३.३ व्होल्टचा झेनर पिनवर लावायचा मोह सगळ्यांना होतो. कमी व्होल्टेजचे झेनर एका ठरलेल्या जागी कडक थांबत नाहीत, हळूहळू वाहायला लागतात. १एन४७२८ए घ्या. त्याचं ३.३ व्होल्ट ७६ मिलीअँपला सांगितलेलं आहे आणि १ व्होल्टलाच त्याची गळती १०० मायक्रोअँपपर्यंत असू शकते. आपल्या डिव्हायडरवर तो रीडिंगच खाऊन टाकेल, आणि ३ मिलीअँपला नेमका कुठे थांबेल तेही पक्कं सांगता येत नाही.

म्हणून दोन डायोड: एक सिग्नलकडून वरच्या क्लॅम्प लाईनकडे, दुसरा ग्राउंडकडून सिग्नलकडे. दोन्ही एकाच तीन पायांच्या पॅकेजमध्ये मिळतात. बीएटी५४एस हा शॉटकी (कमी व्होल्टेजलाच चालू होणारा डायोड) सर्वांना माहीत असतो, १० मिलीअँपला त्याचा ड्रॉप ०.४ व्होल्टच्या आत. मीही वर्षभर तोच लावला. मग एप्रिलमध्ये एका बागेतून फोन आला की दुपारी प्रेशर वेगळं दिसतं आणि रात्री बरोबर. शॉटकीची गळती मायक्रोअँपमध्ये असते आणि दर १० अंशांना साधारण दुप्पट होत जाते. खांबावरचा बॉक्स उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो. ठिबक एक-दीड बारवर चालतं, तिथे थोडी चूकही दिसते.

तेव्हापासून मी बीएव्ही१९९ लावतो. त्याची गळती २५ अंशांना कमाल ५ नॅनोअँप, म्हणजे गरम बॉक्समध्येही नगण्य. पण त्याचा ड्रॉप १ मिलीअँपला ०.९ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे चिपच्या आतला डायोड त्याच्याआधी चालू होईल. यावर उपाय म्हणजे दुसरा रेझिस्टर.

दुसरा रेझिस्टर आणि कपॅसिटर

डायोडच्या जोडापासून चिपच्या पिनपर्यंत ४.७ किलोओहम लावा. डायोडवर राहिलेलं जादा अर्धं-पाऊण व्होल्ट या रेझिस्टरवर पडतं आणि आतल्या डायोडकडे ०.२ मिलीअँपही पोचत नाही. अगदी स्वस्तातला हा रेझिस्टर बहुतेक सर्किटांमध्ये नसतो. बोर्डावर एक जरी जागा उरली असेल तर ती याला द्या.

पिनच्या अगदी जवळ ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा. एडीसी मोजायला लागताना आतला छोटा कपॅसिटर भरून घेतो. एटीमेगा३२८पी मध्ये तो १४ पिकोफॅरडचा आहे आणि स्रोत १० किलोओहमच्या आत असावा असं डेटाशीट सांगतं. बाहेर १०० नॅनोफॅरडचा साठा असेल तर आतला त्यातून भरला जातो आणि व्होल्टेज सात हजारांत एक भाग एवढंच हलतं, दहा बिटांना ते जाणवत नाही. फक्त फार झटपट एकामागोमाग वाचू नका. पाण्याचं प्रेशर सेकंदाला दहा वेळा वाचलं तरी पुष्कळ झालं.

एडीएस१११५ ची इनपुट बाजू ४.०९६ च्या रेंजवर ६ मेगाओहमच्या आसपास दिसते. आपला एकूण रोध ११ किलोओहमच्या जवळ आहे, त्यामुळे ०.२ टक्क्याएवढी चूक येते. ती कायमची आणि सारखी असल्याने कॅलिब्रेशनमध्ये निघून जाते.

सांडव्याचं पाणी कुठे जातं?

वरचा डायोड सगळेजण ३.३ व्होल्टच्या सप्लायला जोडतात. पण एएमएस१११७ सारखा रेग्युलेटर करंट फक्त देतो, परत घेत नाही. बॅटरी वाचवायला कंट्रोलर झोपलेला असेल आणि बोर्डाचा खप काही मायक्रोअँप असेल, तर डायोडमधून आलेल्या मिलीअँपना जायला जागाच नसते. सप्लायच चढत जातो, साडेचार, पाच आणि पुढे. मग एक चॅनेल वाचवताना आख्खं बोर्ड जातं. माझ्या सुरुवातीच्या बोर्डांपैकी एकाचा ईएसपी३२ (मुख्य प्रोसेसर) असाच गेला. इनपुट शाबूत होतं आणि कारण समजायला मला दोन दिवस लागले.

क्लॅम्पसाठी वेगळी लाईन करा. टीएल४३१ (जादा करंट ग्राउंडला सोडून व्होल्टेज धरून ठेवणारी चिप) घ्या, कॅथोड आणि रेफरन्समध्ये २ किलोओहम, रेफरन्स आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम. २.४९५ गुणिले १.२ म्हणजे जवळपास ३ व्होल्टची लाईन तयार होते. तिला ५ व्होल्टकडून १ किलोओहममधून २ मिलीअँप द्या, म्हणजे टीएल४३१ ला लागणारा किमान करंट मिळत राहतो. चारही चॅनेलचे वरचे डायोड या लाईनला जोडा. चारही ठिकाणी एकाच वेळी ४० व्होल्ट लागले तरी १५ मिलीअँपच्या आत येतात आणि टीएल४३१ शंभर मिलीअँप पिऊ शकतो. लाईनवर कुठलाही कपॅसिटर लावताना उत्पादकाच्या डेटाशीटमधला स्थिरतेचा आलेख पाहा, कारण काही किमतींना टीएल४३१ डोलायला लागतो.

या रचनेला रोजचे २ मिलीअँप लागतात. बारीक बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डासाठी ते जास्त आहेत, तिथे पहिला रेझिस्टर १०० आणि खालचा १५० किलोओहम करून करंटच दहापट कमी करणं बरं. १२ व्होल्टची मोठी बॅटरी आणि पॅनेल असेल तर २ मिलीअँपची काळजी नको.

टीव्हीएस: ५ व्होल्टचा का घेऊ नये

विजेच्या लाटेसाठी केबल जिथे बॉक्समध्ये शिरते तिथे टीव्हीएस (क्षणिक लाट धरणारा) डायोड लागतो. इथे एक चूक हमखास होते. सिग्नल ५ व्होल्टचा म्हणून एसएमबीजे५.०ए घेतला जातो. त्याची गळती ५ व्होल्टला ८०० मायक्रोअँपपर्यंत असते, त्यामुळे सिग्नल बिघडतो. लाटेत तो ९.२ व्होल्टपर्यंत जाऊ देतो, म्हणजे एकट्याने चिप वाचत नाही. आणि २४ व्होल्ट एसी चुकून लागली तर तो ट्रान्सफॉर्मरचा सगळा करंट स्वतः घेतो, काही क्षणांत शॉर्ट होतो आणि चॅनेल कायमचं बंद.

मी एसएमबीजे४०सीए लावतो, दोन्ही दिशांचा. ४० व्होल्टपर्यंत तो शांत बसतो आणि गळती १ मायक्रोअँप. मोठी लाट आली की ६४.५ व्होल्टला धरतो, तेही ९ अँप जात असताना. चिपसाठी ६५ व्होल्ट फार वाटतात, पण पुढे १० किलोओहम आहे ना. क्षणभर ६ मिलीअँप येतात आणि क्लॅम्प लाईन ते पिऊन टाकते. चुकीच्या कनेक्शनला रेझिस्टर आणि डायोड पुरतात, विजेच्या लाटेला टीव्हीएस. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की दोघंही मरतात.

टीव्हीएस लावण्याची जागा त्याच्या नंबराइतकीच महत्त्वाची. एक सेंटीमीटर ट्रॅकला साधारण १० नॅनोहेन्री धरा. ८ किलोव्होल्टच्या स्थिर विजेच्या चाचणीत ३० अँप एका नॅनोसेकंदात चढतात, म्हणजे त्या एका सेंटीमीटरवरच ३०० व्होल्ट. म्हणून कनेक्टरचा पाय, लगेच टीव्हीएस, लगेच ग्राउंड किंवा अर्थिंगचा टर्मिनल. हा करंट एडीसीच्या ग्राउंडखालून फिरून जाऊ देऊ नका. केबल शंभर-दोनशे मीटर असेल तर बाहेर ९० व्होल्टची गॅस ट्यूब आणि तिच्या व टीव्हीएसच्या मध्ये १० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. वीज थेट बागेवर पडली तर मात्र यातलं काहीच टिकत नाही, हे बागायतदाराला आधीच सांगून ठेवा.

विसरलेली वायर

सेन्सरला तीन वायरी जातात: सिग्नल, ग्राउंड आणि ५ व्होल्ट. सगळं संरक्षण सिग्नलला दिलं जातं आणि ५ व्होल्टची वायर तशीच उघडी दोनशे मीटर बागेत फिरते. वर लिहिलेलं सगळं करूनही माझं एक बोर्ड याच वायरीतून आत आलेल्या २४ व्होल्टने गेलं होतं.

या वायरीत बोर्डाकडून बाहेर जाताना आधी एसएस११० शॉटकी, मग परत जुळून येणारा पीटीसी फ्यूज, मग कनेक्टरवर तोच एसएमबीजे४०सीए. बाहेरचं अधिक व्होल्टेज डायोड अडवतो. उणे अर्धलहर आली की डायोड उलट मदतच करतो, आपल्या ५ व्होल्टमधून करंट बाहेर ओढला जातो, तो पीटीसी थांबवतो. पीटीसी घेताना त्याचं व्होल्टेज पाहा. ६ किंवा १६ व्होल्टचे स्वस्त तुकडे इथे जळतात, ६० व्होल्टचा हवा. सांगलीत न मिळाल्यास पुण्याला बुधवार पेठेत मिळतो.

डायोडमुळे सेन्सरला ५ ऐवजी ४.६-४.७ व्होल्ट मिळतात आणि असे बहुतेक सेन्सर सप्लायच्या प्रमाणात आउटपुट देतात. म्हणून एडीसीचं एक चॅनेल सेन्सरचा सप्लाय मोजायला द्या, त्याच १०-१५ किलोओहमच्या जाळ्यातून, आणि प्रोग्राममध्ये गुणोत्तर काढा. यामुळे पीटीसी उडाला की तेही लगेच कळतं. व्हॉल्व्हची कॉमन वायर आणि सेन्सरचं ग्राउंड मात्र एक करू नका, व्हॉल्व्ह उघडला की रीडिंग उडी मारतं.

४-२० मिलीअँपचा, म्हणजे व्होल्टेजऐवजी करंट देणारा सेन्सर असेल तर १५० ओहमवर ०.६ ते ३ व्होल्ट मिळतात. लूपमध्ये शॉर्ट झालं आणि २४ व्होल्ट थेट त्यावर आले तर १६० मिलीअँप आणि जवळजवळ ४ वॉट होतात. तिथे ५० मिलीअँपचा पीटीसी आणि २ वॉटचा रेझिस्टर हवा, कारण पीटीसीला थांबायला काही सेकंद लागतात. त्यापुढे १० किलोओहम आणि डायोड तेच. फक्त खालचा १५ किलोओहम काढा आणि क्लॅम्प लाईनला २ ऐवजी २.४ किलोओहम लावून ती थोडी वर न्या.

बागेत नेण्याआधी टेबलावर

करंट मर्यादा असलेला पॉवर सप्लाय घ्या, मर्यादा २० मिलीअँपवर ठेवा. एका चॅनेलला ५ पासून चढवत ४० व्होल्टपर्यंत न्या. सप्लाय ३० चाच असेल तर दोन एकावर एक जोडा. प्रत्येक पायरीला चार गोष्टी वहीत लिहा: १० किलोओहमवरचं व्होल्टेज (यावरून करंट कळतो), क्लॅम्प लाईन, ३.३ चा सप्लाय आणि शेजारच्या चॅनेलचं रीडिंग. शेजारच्या चॅनेलला बॅटरीचा सेल जोडून ठेवा म्हणजे हललं तर लगेच दिसेल. मग वायरी उलट्या करून तेच उणे बाजूला.

यानंतर बोर्डाचा सप्लाय काढा आणि पुन्हा ४० व्होल्ट द्या. बंद बोर्डाच्या ३.३ च्या लाईनवर किती व्होल्ट उभे राहतात ते मोजा. एक व्होल्टच्या आसपास असेल तर चालेल. दीड-दोनच्या पुढे असेल तर प्रोसेसर अर्धवट जागा होऊन भलतंच काहीतरी करतो, रिलेसुद्धा ओढतो. तिथे ३.३ च्या लाईनवर २.२ किलोओहमचा कायमचा भार द्या.

मग व्हॉल्व्हचाच २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर एक तास लावून ठेवा आणि शेवटी हेअर ड्रायरने बोर्ड गरम करून सेन्सरचं रीडिंग पाहा. गरम आणि थंड रीडिंगमध्ये फरक दिसला तर गळणारा भाग शोधा. बहुतेक वेळा डायोड असतो, कधी सोल्डरचा न पुसलेला फ्लक्स.

एडीएस१११५ चा भाग मी मुख्य बोर्डावर सोल्डर करत नाही, पिनांच्या पट्टीवर बसवतो, आणि एक जादा मॉड्यूल अँटिस्टॅटिक पिशवीत घालून बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवतो. झाकणावरच पेनाने कुठल्या रंगाची वायर कुठे ते लिहितो. द्राक्षाच्या फळछाटणीनंतर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) धास्तीचे दिवस असतात, एक दिवसही रीडिंग बंद ठेवता येत नाही. तेव्हा बागायतदाराला फोनवर सांगून दहा मिनिटांत मॉड्यूल बदलता येतं, आणि जुनं नंतर सवडीने सांगलीला येतं.